शिकारी कमी झाले म्हणतात, मग सरकारी जंगलात ही गर्दी कुठून? लीज घ्यावी का?

सस्क्वेहानाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात, विल्यम्सपोर्टच्या उत्तरेला राहतो. दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातो, आणि जातो ते सगळं सरकारी जमिनीवर: गेम कमिशनच्या (राज्याचं वन्यजीव खातं) स्टेट गेम लँड्स, नाहीतर स्टेट फॉरेस्ट. स्वतःची जमीन नाही. लेक आता तेरा वर्षांची आहे, तिच्याकडे ज्युनिअर लायसन्स आहे. हा प्रश्न खरं तर तिच्यासाठी विचारतोय.

या वेळी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, रायफलच्या पहिल्या दिवशी, आम्ही भल्या पहाटे पार्किंगला पोचलो तर गाडी लावायला जागा नाही. रस्त्याच्या कडेने पिकअप उभ्या, आणि चढावर डोक्यावरच्या दिव्यांची रांग लागलेली. आम्ही पानगळीच्या आधीपासून हेरून ठेवलेल्या खिंडीत जाऊन बसलो. वर ओकचं रान, खाली माउंटन लॉरेलची अशी जाळी की माणसाला वाकूनही शिरता येऊ नये, आणि जाळीतून वर येणारी हरणांची वाट. उजाडलं तेव्हा बसल्या जागेवरून सात नारिंगी जॅकेटं दिसत होती. थोड्या वेळाने एक गृहस्थ त्याच वाटेने वर आले. लेकीने हात हलवला. त्यांनी पाहिलं आणि पन्नास-साठ पावलांवर घडीची खुर्ची उघडून बसले. मग पलीकडच्या उतारावर लागोपाठ पाच बार झाले आणि एक मादी जीभ बाहेर काढून आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून धावत गेली. त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि नळी हरणाबरोबर आमच्याकडे वळू लागली. मी लेकीला खाली दाबलं. बार झाला नाही, देवाची कृपा. पण लेक उठली ती "बाबा, घरी जाऊ" म्हणतच. तेव्हापासून तिने शिकारीचं नाव काढलेलं नाही.

आता कामावरच्या एकाने लीजमध्ये, म्हणजे शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या खासगी जमिनीत, हिस्सा देऊ केलाय. १४० एकर, सहा जण, माणशी वर्षाला ९०० डॉलर. महिनाअखेर हो-नाही कळवायचंय. पैसे जमतील, पण मन घेत नाही. त्या जमिनीवर पूर्वी गावातलं कोणीही मालकाला विचारून जात असे. म्हातारे मालक गेले, मुलांनी लीजवर दिली. आम्ही सहा जणांनी कुलूप लावलं तर बाकीचे जाणार कुठे? त्याच पार्किंगमध्ये, जिथून मी पळ काढतोय.

आणि एक गणित सुटत नाही. या राज्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा लाखांच्या आसपास शिकारी होते, आता नऊ लाखांच्याही आत आहेत. गेम लँड्स साधारण १५ लाख एकर, स्टेट फॉरेस्ट २२ लाख एकर, ही जमीन काही आटलेली नाही. मग माणसावर माणूस का पडतोय? जाणत्यांनी सांगावं.

---

हेमलॉक

आधी लेकीबद्दल. ती घाबरली यात तिचं काहीच चुकलेलं नाही, आणि हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. पुढच्या वेळी कोणी जवळ आलं तर हात हलवायचा नाही, मोठ्याने, स्वच्छ आवाज द्यायचा. झाडीत नुसती हालचाल दिसली तर उतावळ्या माणसाला ती हरणाची वाटू शकते. माणसाचा आवाज मात्र माणसाचाच वाटतो. पाठीशी खांद्यांपेक्षा रुंद बुंधा असावा. अंगावर २५० चौरस इंच नारिंगी कायद्याने लागतंच, पण ते समोरच्याला बुंध्यामागून दिसत नाही, म्हणून मी बुंध्याभोवतीही नारिंगी पट्टी गुंडाळतो.

आता गणित. एकूण शिकारी कमी झाले, पण ते एकाच दिवशी आणि एकाच जागी यायला लागले. २०१८ पर्यंत पहिला दिवस सोमवार असायचा. बऱ्याच शाळांना सुट्टी असे, पण नोकरदाराला रजा टाकावी लागे. मग २०१९ मध्ये शनिवार आला. त्याच वर्षीच्या कायद्याने तीन रविवार मोकळे केले आणि २०२५ मध्ये रविवारची जुनी बंदीच उठली. मी स्वतः रविवारच्या बाजूचा आहे. आठवडाभर राबणाऱ्या माणसाला दोन दिवस मिळायलाच हवेत. पण त्यामुळे पहिल्या शनिवार-रविवारी धरण फुटल्यागत माणसं येतात हेही खरं.

दुसरं कारण तुम्हीच लिहिलंत, खासगी जमीन. या राज्यातली बहुतेक जमीन खासगी आहे आणि पूर्वीचे बहुतेक शिकारी शेजाऱ्याच्या रानात जात. शेतं विकली गेली, तुकडे पडले, दर दहा एकरांवर घर उठलं. घर म्हटलं की परवानगीशिवाय भोवतालच्या १५० यार्डांत बंदूक चालवता येत नाही, त्यामुळे एका घराने केवढं रान बंद होतं ते नकाशावर वर्तुळ काढून पाहा. उरलं ते लीजवर गेलं. विचारून जाण्याच्या त्या जागा गेल्या आणि तिथली माणसं गेम लँड्सवर आली.

तिसरं कारण फोन. सरकारी जमिनीचा एखादा कोपरा पूर्वी गावातल्या चार जणांना ठाऊक असे. आता हद्दी दाखवणाऱ्या नकाशावर तो फिलाडेल्फियातल्या माणसालाही बसल्या जागी दिसतो, तोही नेमका त्याच पार्किंगच्या खुणेसह.

पण पार्किंग भरलं म्हणजे रान भरलं असं नाही. स्प्रूल स्टेट फॉरेस्टमध्ये पेन स्टेटच्या संशोधकांनी सीझनमध्ये विमानातून शिकारी मोजले होते. गर्दी सगळी रस्त्याच्या आसपास आणि सौम्य उतारावर, आणि आपण आत किती गेलो याचा शिकाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा निघाला. हरणांना हे आपल्याआधी कळतं. पहिल्या दिवशी नऊपर्यंत ती उभ्या कड्यावर, दलदलीत, तोडलेल्या जंगलातल्या नव्या फुटव्यात दडतात आणि पायाखाली येईपर्यंत हलत नाहीत. मग दहा-साडेदहाला लोकांचे पाय गारठतात, डब्याची आठवण होते, सगळे उठून गाडीकडे निघतात. तो फुकटचा हाका असतो, म्हणजे दडलेली जनावरं उठवून हाकलणं! त्या वेळी दोन दाट जाळ्यांच्या मधल्या खिंडीत जो बसून राहिला त्याच्याकडे हरीण येतं. मी डबा सोबत नेतो आणि दुपारी दोनपर्यंत जागा सोडत नाही.

लेकीला मात्र पहिल्या शनिवारी नेऊच नका. रायफलचा सीझन दोन आठवडे असतो, दुसऱ्या आठवड्यातल्या मधल्या वारी शाळेतून एक दिवस रजा काढा. आणि ख्रिसमसनंतर चकमकीच्या बंदुकीचा सीझन असतो तो विसरू नका. तुम्ही मागे कुठल्याशा धाग्यात आजोबांच्या, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुकीबद्दल लिहिलं होतंत, सिंधुदुर्गातलं. ही तिचीच चुलत बहीण. वरून दारू घालायची, कापडात गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, बाजूच्या पेल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, रंजक भुर्रकन पेटते आणि क्षणभराने बार होतो. तेवढा वेळ हात स्थिर राहिला पाहिजे. दुर्बीण लावायची नाही. हवा दमट असेल तर रंजक पुसून नवी घालत बसावं लागतं. एवढी कटकट असल्यामुळे जानेवारीत त्याच तुमच्या पार्किंगमध्ये एखादीच गाडी असते. बर्फावर माग स्पष्ट दिसतो. मुलीला शिकवायला याहून चांगले दिवस नाहीत.

---

नवखा_पिट्सबर्ग

मध्येच विचारतो, माफ करा. मी एच-वन-बी वर आहे. मला बंदूक हाताळता येते का? मित्र म्हणतो अजिबात नाही.

---

हेमलॉक

मित्र अर्धा बरोबर आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघराज्याचा कायदा मनाई करतो, पण त्याला अपवाद आहे: एखाद्या राज्याचं चालू शिकार-लायसन्स जवळ असलं तर चालतं. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, आणि तोवर रेंजवरही कोणाची बंदूक हातात घेऊ नका. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, ती तारीख डोळ्यात तेल घालून पाळा. एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या, हा विषय स्टेटसशी जोडलेला आहे. धनुष्यबाण बंदुकीत मोडत नाही, पण लायसन्स त्यालाही लागतंच.

---

जुनिआटाची_वाडी

दादा, मी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. आमची साठ-पासष्ट एकर जमीन आहे जुनिआटा काउंटीत, सासऱ्यांकडून आलेली. सपाटीला मका आणि सोयाबीन, वर डोंगराच्या अंगाला जंगल. हरणांनी सोयाबीनची कडेची वीस पावलं दरवर्षी साफ केलेली असते. जंगलात मेपलची रोपं गुडघ्याच्या वर येत नाहीत, सगळे शेंडे खुडलेले. आम्हाला शिकारी हवे आहेत. तरीसुद्धा आमच्या झाडांवर जांभळे पट्टे आहेत. २०२० पासून इथे जांभळा पट्टा म्हणजे 'आत येऊ नका'ची पाटी समजली जाते. पाट्या लोक फाडत होते, रंग फाडता येत नाही.

पट्टे का मारले ते सांगते. आमच्या घराला पाणी येतं ते वरच्या झऱ्यातून. एका डिसेंबरात पाण्याला वास यायला लागला म्हणून आम्ही वर गेलो. झऱ्याच्या तोंडाशी, जिथे पाइप आत जातो त्या दगडावरच, कोणीतरी हरीण फाडून कोथळा टाकून गेलं होतं. बर्फात खुणा दिसत होत्या, ते हरीण आमच्याच फाटकातून ओढत नेलं होतं आणि फाटक उघडं टाकलं होतं. कोण, ते आजवर कळलं नाही. त्यानंतर यजमानांनी रंगाचा डबा आणला.

पण पट्टे असूनही आमच्याकडे चौघं शिकार करतात आणि एकही पैसा देत नाहीत. पैसे न घेण्याला कारण आहे. या राज्यात १९६६ चा एक कायदा आहे, फुकट येऊ दिलंत तर आलेला माणूस घसरला-पडला तरी मालकावर सहसा जबाबदारी येत नाही. पैसे घेतले की ते संरक्षण जातं. म्हणून लीजवाले विम्याचे कागद मागतात. तुम्ही हिस्सा घेतलात तर आधी तो विमा कोणाच्या नावावर आहे आणि त्यात तुमची लेक बसते का, ते वाचा.

हे चौघं आत कसे आले? शिकारीच्या आदल्या रात्री अंगभर कॅमो घालून दार वाजवणारे दरवर्षी येतात, त्यांना मी दारातूनच नाही म्हणते. एकटी असले तर दार उघडतही नाही. या चौघांपैकी पहिला आला तो ऑगस्टमध्ये, साध्या शर्टात, मुलाला घेऊन. त्याने पहिल्यांदा विचारलं, "तुम्हाला कुठे गेलेलं चालणार नाही?" हरणं कुठे दिसतात हे त्याने विचारलंच नाही. गाडीचा नंबर आणि फोन लिहिलेला कागद देऊन गेला. ऑक्टोबरात वाऱ्याने कुंपणावर झाड पडलं तेव्हा त्यानेच फोटो पाठवला आणि शनिवारी करवत घेऊन आला. आम्ही डीमॅपमध्ये आहोत, म्हणजे आमच्या जमिनीपुरते माद्यांचे जादा परवाने मिळतात. तो शिंगांची वाट बघत बसला नाही, माद्या मारल्या. सोयाबीनच्या दृष्टीने तोच उपयोगाचा.

माझं मत विचाराल तर ९०० डॉलर देऊ नका. तुमच्या भागात दुभत्या गाईंचे गोठे असतील, गवत कापणारे असतील. त्या घरांत मुलं शहरात गेलेली असतात आणि एका माणसाच्या दोन हातांची फार गरज असते. हो म्हणतील असं नाही. दहातले सात-आठ नाहीच म्हणतील, काहींनी भावाला किंवा जावयाला शब्द दिलेला असतो. राग मानू नका, पुढच्या उन्हाळ्यात परत जा.

---

लॅरामीकर

इकडे वायोमिंगमध्ये दुखणं वेगळं आहे. जमीन अफाट, माणसं मूठभर, तरी ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, गर्दी, कारण बऱ्याच ठिकाणी पोचायला वाटच नाही. १८६० च्या दशकात रेल्वेला रुळाच्या दोन्ही बाजूंना एक सोडून एक चौरस मैल दिला गेला. त्यातून दक्षिण वायोमिंगचा बुद्धिबळाचा पट झाला: एक चौकोन खासगी, त्याच्या शेजारचा सरकारी. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. तो कोपरा ओलांडताना पाय सरकारी जमिनीवरच पडतो, पण खांदा क्षणभर खासगी हवेतून जातो. तेवढ्यावरून अतिक्रमण म्हणायचे.

मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी २०२१ मध्ये एल्क माउंटनपाशी कोपऱ्यावरच्या खांबांवरून चक्क शिडी टाकली. खासगी मातीला पाय लावला नाही. त्यांच्यावर फौजदारी झाली, २०२२ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. मालकाने दिवाणी दावा लावला, तोही २०२५ च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टात शिकाऱ्यांच्या बाजूने लागला. आधार कशाचा, तर सरकारी जमीन कुंपणाने अडवू नये म्हणून १८८५ मध्ये केलेल्या कायद्याचा. ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. त्या सर्किटमध्ये वायोमिंगसकट सहा राज्यं येतात, तिथे आता खासगी मातीला पाय न लावता असा कोपरा ओलांडणं अतिक्रमण ठरत नाही. तुमच्याकडे हा निकाल लागू नाही, तेव्हा उत्साहात शिडी विकत घेऊ नका. पण मला वाटतं गर्दीचं मूळ शोधताना माणसं मोजून भागत नाही, फाटकं मोजावी लागतात.

---

मॅडिसनहून

विस्कॉन्सिनमधून एकच गोष्ट. जागेवरून वाद घालू नका. २००४ च्या नोव्हेंबरात आमच्या सॉयर काउंटीत खासगी जमिनीवरच्या एका मचाणावरून वाद झाला आणि सहा माणसं मेली. गोळ्या झाडणारा हमाँग, म्हणजे आग्नेय आशियातून आलेल्या समाजातला होता. त्याला जन्मठेप झाली, पण त्यानंतर कितीतरी वर्षं आशियाई चेहऱ्याच्या प्रत्येक शिकाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघत. २००७ च्या जानेवारीत सरकारी रानात एका हमाँग शिकाऱ्याचा खून झाला, मारणारा गोरा होता. आपले चेहरे तिथे वेगळे दिसतात हे विसरून चालत नाही. कोणी अंगावर आलं तर काडतुसं काढा, बंदूक उघडी करून दाखवा, "गुड लक" म्हणा आणि निघा. गाडीचा नंबर टिपा आणि वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवा. सरकारी जागा आधी आलेल्याची हा शिष्टाचार आहे, हक्क नाही.

---

सस्क्वेहानाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आवाज देण्याचं काल रात्रीच लेकीला सांगितलं. तिने विचारलं, "ओरडले तर हरीण पळेल ना?" म्हटलं, पळू दे. चकमकीच्या बंदुकीचं ऐकून मात्र तिचे डोळे चमकले, पणजोबांची बंदूक तिने फोटोत पाहिली आहे. सीझन अजून चालू आहे. एका मित्राकडे तशी बंदूक आहे, या शनिवारी त्याच्याकडून भरायला शिकून घेतो आणि मग दोघं जातो. त्या खिंडीत नाही, पलीकडच्या कड्याला.

लीजला नाही कळवतोय. विम्याचं विचारलं तर सहकाऱ्याला उत्तर देता आलं नाही, पण तो विमा असता तरी मी नाहीच म्हटलं असतं. जमिनी अशा एकेक करून बंद होत गेल्या तर माझ्या लेकीच्या वयाच्या, लीज न परवडणाऱ्या पोरांनी शिकायचं कुठे?

ताई, एक विचारायचं राहिलं. आमच्या रस्त्यावर एक डेअरीवाले आजोबा आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांच्याकडे जाताना मुलीला नेऊ का? की पोरीला पुढे करून भीड घातल्यासारखं दिसेल?

---

जुनिआटाची_वाडी

न्याच. ती शिकार करणार आहे तर मालकाने तिला पाहायला हवं, आणि विचारायचं तेही तिलाच विचारू द्या. दूध काढायच्या वेळी जाऊ नका, सकाळी दहानंतर जा. रविवार टाळा, चर्चचा दिवस असतो. गाडी फाटकापाशी आडवी लावू नका, दुधाचा टँकर येतो. कुत्रा भुंकला तर मालक बाहेर येईपर्यंत गाडीतच बसा. आणि ऑगस्टपर्यंत थांबू नका, मेमध्ये गवताची पहिली कापणी असते तेव्हाच एकदा विचारून या, गठ्ठे चढवायला माणूस हवाय का म्हणून.